तारयंत्रापासून क्यू मॅनेजरपर्यंत : संदेशांच्या रांगा किती हातांत द्याव्यात? (सिंदी रेल्वेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात सिंदी हे नगर आहे. या नगराच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ हा शब्द लिहिण्याची रीत सरकारी कागदपत्रांपासून खाजगी पत्रव्यवहारापर्यंत रूढ आहे. याच जिल्ह्यात वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) नावाचे दुसरे गाव आहे. नाव एक आणि ठिकाणे दोन असली की पत्र चुकते. म्हणून कंसातील तो शब्द पत्त्याचे काम करतो. संदेश कोणत्या हातात पडावा आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे तो ठरवतो.

संगणकशास्त्रात हाच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला जातो. दोन संगणकीय प्रणालींमध्ये संदेशांची देवाणघेवाण करण्यासाठी ‘क्यू मॅनेजर’ नावाची आज्ञावली वापरतात. ती आलेला संदेश स्वीकारते, तो चकतीवर नोंदवते, रांगेत ठेवते आणि घेणारी प्रणाली तयार झाली की तिच्या हवाली करते. घेणारा बंद असला तरी संदेश हरवत नाही. ही आज्ञावली ज्या यंत्रावर चालते त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर ही इमारत मानली तर क्यू मॅनेजर हे त्या इमारतीतील टपाल कार्यालय आहे. त्याची स्वतःची नोंदवही, स्वतःची कुलूपबंद पेटी आणि स्वतःचा कारकून असतो. मग एका इमारतीत अशी कार्यालये किती असावीत? सर्व खात्यांसाठी एकच, की प्रत्येक खात्याला वेगळे?

हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. परंतु तो संगणकाबरोबर जन्मलेला नाही. ज्या दिवशी एकापेक्षा अधिक लोकांचे संदेश एकाच तारेवरून जाऊ लागले, त्याच दिवशी तो निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा भारतीय रेल्वेच्या इतिहासातून घेतला आहे. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरील नागपूर-वर्धा टप्प्यात असलेले सिंदी हे लहान स्थानक या इतिहासाकडे पाहण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे, कारण मोठ्या केंद्रात घेतलेल्या निर्णयाचा परिणाम लहान स्थानकाच्या खिडकीवर सर्वांत स्पष्ट दिसतो.

उद्दिष्टे

१) रेल्वेतील संदेशवहनाच्या विभागणीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) संगणकीय आरक्षण व्यवस्थेतील केंद्रांच्या संख्येमागील तत्त्व शोधणे.
३) त्या तत्त्वाच्या आधारे एका सर्व्हरवर किती क्यू मॅनेजर चालवावेत, या निर्णयाचे निकष मांडणे.

१. तार, स्थानक आणि ‘लाइन क्लिअर’

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची शाखा वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोहोचली. तारयंत्राचा प्रसारही याच सुमारास झाला. विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचा प्रयोग केला होता आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. रूळ आणि तार ही जोडी पुढे अतूट राहिली.

रेल्वेच्या तारेचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. एकाच तारेवर अनेक स्थानके जोडलेली असत. त्यामुळे एक स्थानक बोलत असताना इतरांना थांबावे लागे. तार एक असल्याने खर्च कमी होई, मात्र रांग लांबे. शिवाय तार तुटली की तिच्यावरील सर्वच स्थानके एकाच वेळी मुकी होत. सामाईक साधनाची ही दोन्ही लक्षणे, म्हणजे काटकसर आणि सामाईक अपयश, पुढील दीडशे वर्षांत पुन:पुन्हा आढळतात.

याउलट गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी रेल्वेने नेमके विरुद्ध तत्त्व स्वीकारले. पूर्ण ब्लॉक पद्धतीत मार्गाचे तुकडे पाडले जातात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडली जाते. सिंदीच्या एका बाजूस बोरखेडी व दुसऱ्या बाजूस तुळजापूर ही स्थानके आहेत. या पद्धतीत सिंदीच्या स्टेशन मास्तरने पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळवल्याशिवाय गाडी सोडायची नसते. प्रत्येक तुकड्यासाठी दोन्ही टोकांना स्वतंत्र ब्लॉक उपकरण आणि स्वतंत्र नोंद असते. सिंदी-बोरखेडी तुकड्यातील उपकरण बिघडले तर तेथील वाहतूक मंदावते, परंतु सिंदी-तुळजापूर तुकड्याचे उपकरण त्यामुळे बिघडत नाही. येथे काटकसरीपेक्षा अपयशाची सीमा आखणे अधिक मोलाचे मानले गेले.

या दोहोंच्या मध्ये तिसरी रचना उभी राहिली, ती सेक्शन कंट्रोलरची. अनेक स्थानकांना जोडणाऱ्या एका दूरध्वनी मंडलावर एक नियंत्रक बसतो आणि आपल्या विभागातील सर्व गाड्यांची हालचाल तक्त्यावर मांडतो. संपूर्ण रेल्वेसाठी एकच नियंत्रक ठेवणे अशक्य आहे, आणि प्रत्येक स्थानकासाठी एक नियंत्रक ठेवला तर नियंत्रण हा शब्दच निरर्थक ठरतो. म्हणून एका माणसाला जेवढ्या गाड्यांचे भान ठेवता येईल तेवढा विभाग त्याच्याकडे सोपवला जातो. विभाग आखताना दोन प्रश्न विचारले जातात. एकाला किती पेलेल? आणि तो चुकला तर किती दूरवर परिणाम होईल? पुढील विवेचनाचे सूत्र याच दोन प्रश्नांत आहे.

२. आरक्षणाची नोंदवही

संगणकापूर्वीच्या काळात आरक्षण हे नोंदवहीचे काम होते. एका गाडीच्या एका दिवसासाठी एक पान, आणि त्या पानावर एका वेळी एकच लेखणी. त्यामुळे एकच जागा दोघांना दिली जाण्याची शक्यता कमी होती, परंतु त्या गाडीचे तिकीट त्या नोंदवहीच्या खिडकीवरच मिळे. शेजारची खिडकी रिकामी असली तरी प्रवाशाला तिचा उपयोग नसे. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल तर दुसऱ्या टोकाच्या स्थानकाला तार करावी लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. लहान स्थानकांना काही गाड्यांत ठरावीक कोटा मिळे आणि तो संपला की पुढचा मार्ग तारेचाच असे.

रांगांच्या गणिताचा पाया डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करताना १९०९ च्या लेखात घातला. त्या परंपरेतून सिद्ध झालेली एक गोष्ट सर्वपरिचित आहे. अनेक खिडक्यांपुढे अनेक वेगळ्या रांगा ठेवण्यापेक्षा सर्वांसाठी एकच रांग ठेवून जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढचा माणूस पाठवला, तर सरासरी प्रतीक्षा घटते. म्हणजे गणित एकत्रीकरणाच्या बाजूने बोलते. नोंदवहीच्या पद्धतीत जो वेळ वाया जात होता तो नेमका विभागणीमुळेच. संगणकीकरणाची मागणी याच अडचणीतून पुढे आली.

३. एक केंद्र की पाच?

आय.बी.एम. कंपनीने १९७८ साली भारतातील व्यवसाय गुंडाळला, तेव्हा तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सी.एम.सी. या सरकारी कंपनीकडे आले. याच सी.एम.सी.ने रेल्वेसाठी ‘इम्प्रेस’ ही आरक्षण प्रणाली तयार केली आणि १९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणास प्रारंभ झाला. १९८६ साली रेल्वे माहिती प्रणाली केंद्र म्हणजेच ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही संगणकीय केंद्रे सुरू झाली.

या टप्प्यावर देशात पाच स्वतंत्र व्यवस्था होत्या. एका शहरातील नोंदवह्या एकत्र आल्या, त्यामुळे त्या शहरात कोणत्याही खिडकीवर त्या केंद्राच्या कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. परंतु केंद्राकेंद्रांतील अंतर कायम होते. ते मिटवण्यासाठी क्रिसने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली विकसित केली. ती १९९४ साली प्रथम सिकंदराबाद येथे लागू झाली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रांची परस्परजोडणी पूर्ण झाली.

येथे रेल्वेपुढे खरा पर्याय होता. पाचही केंद्रे विसर्जित करून सर्व गाड्यांची माहिती एका ठिकाणी आणता आली असती. तसे केले गेले नाही. प्रत्येक गाडीची माहिती तिच्या मूळ केंद्राकडेच राहिली आणि दुसऱ्या केंद्रातील खिडकीवरून मागणी आली तर तो संदेश मूळ केंद्राकडे पोहोचवण्याची व्यवस्था झाली. या वहनासाठी ‘रिलायबल ट्रॅन्झॅक्शन राउटर’ ही मध्यस्थ आज्ञावली वापरण्यात आली. नागपूर विभाग ज्या मध्य रेल्वेत मोडतो, ती मुंबई केंद्राशी जोडलेली आहे. मद्रासकडील गाडीचे तिकीट मागणारा विदर्भातील प्रवासी आपल्या खिडकीशी बोलतो, खिडकी मुंबईशी आणि मुंबई मद्रासशी. प्रवाशाला मात्र हे टप्पे दिसत नाहीत.

या रचनेचा अर्थ असा की, प्रवाशासाठी एकत्रीकरण झाले आणि अपयशासाठी विभागणी टिकली. एखादे केंद्र देखभालीसाठी बंद ठेवावे लागले तर त्या केंद्राच्या खिडक्या व गाड्या अडतात, पण इतर केंद्रांचे आपापल्या गाड्यांचे व्यवहार चालू राहू शकतात. आणखी एक बाब लक्षणीय आहे. २००२-०३ मध्ये क्षेत्रीय रेल्वेंची संख्या ९ वरून १६ झाली, परंतु म्हणून आरक्षणाची केंद्रे १६ झाली नाहीत. प्रशासकीय नकाशा बदलला की संगणकाचा नकाशा बदललाच पाहिजे असे नाही. नवीन केंद्र म्हणजे नवीन यंत्रे, नवीन कर्मचारी आणि इतर प्रत्येक केंद्राशी नवीन जोडणी. पाच केंद्रांत परस्परजोड्या १० होतात, तर सोळा केंद्रांत त्या १२० होतात.

या विभागणीची मर्यादाही इतिहासाने दाखवली. कोविडकाळात विशेष क्रमांकाने धावणाऱ्या गाड्यांना पुन्हा नियमित क्रमांक देण्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये सलग सात रात्री ११.३० ते पहाटे ५.३० या वेळेत आरक्षण सेवा बंद ठेवावी लागली. बदल सर्वांनाच लागू असेल तर भिंती कितीही असोत, त्या उपयोगी पडत नाहीत. विभागणी ही एका ठिकाणच्या बिघाडाविरुद्धचे संरक्षण आहे, सार्वत्रिक बदलाविरुद्धचे नव्हे.

४. क्यू मॅनेजरचे आगमन

वेगवेगळ्या यंत्रांवरील प्रणालींना जोडणारी रांगव्यवस्था व्यापारी उत्पादन म्हणून रुळवण्यात आय.बी.एम.च्या ‘एमक्यू सिरीज’चा मोठा वाटा आहे. ती १९९३ साली बाजारात आली, २००२ मध्ये ‘वेबस्फिअर एमक्यू’ या नावाने आणि २०१४ पासून ‘आय.बी.एम. एमक्यू’ या नावाने ओळखली जाऊ लागली. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा अशा क्षेत्रांत तिचा प्रसार झाला. तिच्यातील मूळ घटक म्हणजे क्यू मॅनेजर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रांग आणि रांगेचा व्यवस्थापक या दोन भिन्न गोष्टी आहेत. एका क्यू मॅनेजरमध्ये शेकडो रांगा असू शकतात. त्यामुळे दोन खात्यांचे संदेश वेगळे ठेवायचे एवढाच हेतू असेल तर दोन रांगा पुरतात, दोन क्यू मॅनेजर लागत नाहीत. दुसरा क्यू मॅनेजर निर्माण करणे म्हणजे नोंदवही, कुलूप, कारकून आणि दार या चारही गोष्टी वेगळ्या करणे.

प्रारंभी या वेगळेपणालाही मर्यादा होत्या. क्यू मॅनेजर वेगळे असले तरी ते साधारणतः यंत्रावरील एकाच स्थापित आवृत्तीवर चालत, त्यामुळे आवृत्ती बदलताना सर्वांना एकदम थांबावे लागे. २०११ च्या ७.१ आवृत्तीपासून एका सर्व्हरवर अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून एकेका क्यू मॅनेजरला सोयीनुसार हलवणे शक्य झाले. या सुधारणेमुळे ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यांचे स्वातंत्र्य वाढले आणि त्याबरोबर जबाबदारीही.

५. निर्णयाचे निकष

वरील इतिहासाच्या प्रकाशात एका सर्व्हरवरील क्यू मॅनेजरच्या संख्येचा विचार पुढील मुद्द्यांच्या आधारे करता येतो.

अ) थांबण्याची वेळ : क्यू मॅनेजर बंद करून पुन्हा सुरू केला की त्याच्यावर अवलंबून असणारी प्रत्येक प्रणाली थांबते. ज्या दोन खात्यांना एकाच वेळी थांबणे मान्य आहे ती एकत्र राहू शकतात. एकाला रात्री विश्रांती चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, तर त्यांना एका नोंदवहीत बांधणे अन्यायाचे ठरते.

आ) नोंदवहीचा ताण : क्यू मॅनेजर प्रत्येक टिकाऊ संदेश चकतीवरील नोंदीत लिहितो. एखाद्या प्रणालीने व्यवहार दीर्घकाळ अपूर्ण ठेवला किंवा रांगेत संदेशांचा पूर आणला तर नोंदीची जागा संपत जाते आणि त्याचा त्रास निर्दोष शेजाऱ्यांनाही होतो. हा सामाईक तारेचाच जुना दोष आहे.

इ) वेग : बहुधा असे मानले जाते की, दोन क्यू मॅनेजर म्हणजे दुप्पट वेग. हे अंशतःच खरे आहे. दोघांच्या नोंदी स्वतंत्र चकत्यांवर असतील तर एकूण क्षमता वाढू शकते. चकती एकच असेल तर दोघे तिच्यासाठीच झगडतात. शिवाय एकाच यंत्रावरील दोन क्यू मॅनेजरमध्ये संदेश पाठवायचा झाल्यास तो वाहिनीतून न्यावा लागतो, आणि टिकाऊ संदेशाची नोंद दोन्हीकडे होते. नित्य परस्परांशी बोलणाऱ्या प्रणालींना वेगळे करणे म्हणजे एका घरातल्या दोन खोल्यांत टपालाने पत्रव्यवहार करणे होय.

ई) देखभालीचा भार : प्रत्येक क्यू मॅनेजरला स्वतंत्र पोर्ट, वाहिन्या, सुरक्षा प्रमाणपत्रे, राखीव प्रती आणि देखरेख लागते. ज्या कार्यालयात दोनच माणसे हे काम पाहतात तेथे वीस क्यू मॅनेजर ठेवणे म्हणजे एका सेक्शन कंट्रोलरकडे संपूर्ण देशाचा तक्ता सोपवणे आहे.

उ) परवान्याचा खर्च : सर्व्हरवरील परवान्याचे शुल्क परंपरेने प्रोसेसरच्या क्षमतेवर आकारले जाते, क्यू मॅनेजरच्या संख्येवर नव्हे. म्हणजे त्याच यंत्रावर दुसरा, तिसरा, दहावा क्यू मॅनेजर परवान्याच्या दृष्टीने जणू फुकट मिळतो. परवान्यापुरते जे फुकट मिळते त्याची किंमत देखभाल करणाऱ्या माणसाच्या वेळातून वसूल होते, आणि तो हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

ऊ) पाया एकच : सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, एका सर्व्हरवर कितीही क्यू मॅनेजर ठेवले तरी यंत्र, वीजपुरवठा आणि कार्यप्रणाली एकच असते. भिंती अनेक आणि पाया एक, अशी ती इमारत आहे. यंत्र कोसळले की सर्व कार्यालये एकदम बंद पडतात. म्हणून एकाच सर्व्हरवरील दोन क्यू मॅनेजर हे आज्ञावलीच्या आणि माणसांच्या चुकांपासून संरक्षण देतात, यंत्राच्या बिघाडापासून नव्हे. त्यासाठी दुसरे यंत्रच हवे. रेल्वेने पाच केंद्रे पाच शहरांत ठेवली होती, एका दालनात पाच यंत्रे मांडली नव्हती, ही बाब येथे सूचक आहे.

या निकषांवरून व्यवहार्य नियम असा निघतो : प्रारंभ एकाने करावा. दुसरा निर्माण करण्यापूर्वी त्याचे कारण एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. मालक वेगळा आहे, थांबण्याची वेळ वेगळी आहे, गोपनीयतेची पातळी वेगळी आहे किंवा आवृत्ती वेगळी ठेवणे भाग आहे, ही कारणे ग्राह्य होत. ‘यंत्रात जागा शिल्लक आहे’ हे कारण नव्हे. चाचणीचे आणि प्रत्यक्ष कामाचे क्यू मॅनेजर तर शक्यतो वेगळ्या यंत्रांवरच असावेत.

अलीकडच्या काळात एका कंटेनरमध्ये एकच क्यू मॅनेजर ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यामुळे प्रश्न सुटला असे काहींना वाटते. वस्तुतः तो एक पायरी वर सरकला आहे. एका यंत्रावर किती कंटेनर आणि ते कोणाच्या देखरेखीखाली, असे त्याचे नवे रूप आहे.

६. सिंदीच्या दृष्टीने

ऑगस्ट २००२ मध्ये संकेतस्थळावरून रेल्वे तिकीट मिळू लागले. एप्रिल २०१४ मध्ये त्या संकेतस्थळाची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० पर्यंत नेण्यात आली. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने आरक्षण व्यवस्थेची क्षमता मिनिटाला ३२,००० वरून दीड लाखाहून अधिक तिकिटांपर्यंत नेण्याची योजना जाहीर केली. सार्वजनिक चर्चेत नेहमी हे वेगाचे आकडेच पुढे येतात. एक भाग बंद पडला तर किती भाग चालू राहील, हा आकडा क्वचितच सांगितला जातो. महानगरातील प्रवाशाला दुसरी गाडी, दुसरे स्थानक, दुसरे साधन असते. लहान स्थानकावरील प्रवाशाला खिडकी बंद झाली की तो दिवसच गमवावा लागतो. म्हणून वेगाचा लाभ मोठ्या शहराला अधिक आणि अपयशाचा फटका लहान गावाला अधिक, अशी ही विषम वाटणी आहे.

सिंदीपुरता हा प्रश्न आता प्रवासी वाहतुकीपुरता राहिलेला नाही. येथे बहुविध मालवाहतूक केंद्र उभारण्यासाठी २०२१ साली जवाहरलाल नेहरू बंदर आणि नॅशनल हायवेज लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट लिमिटेड यांच्यात करार झाला. अशा केंद्रात रेल्वे, बंदर, सीमाशुल्क आणि मालमोटारी यांच्या प्रणालींना परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करावी लागते. मालक चार, थांबण्याच्या वेळा चार आणि गोपनीयतेच्या अपेक्षाही चार. तेथे सर्वांचे संदेश एकाच नोंदवहीत घालणे सोयीचे वाटले तरी, एका खात्याच्या चुकीमुळे शेतकऱ्याचा कापूस वा संत्र्याचा डबा अडकून पडणार असेल तर ती सोय महाग पडेल. आपल्या महाविद्यालयांतही प्रवेश, परीक्षा आणि लेखा या विभागांच्या प्रणाली एकत्र आणताना हाच विचार करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) एका यंत्रावर संदेशांचे किती व्यवस्थापक असावेत, हा प्रश्न तारयंत्राइतका जुना आहे. तंत्र बदलले तरी त्याचे दोन घटक, म्हणजे सामाईक साधनाची काटकसर आणि सामाईक अपयशाचा धोका, बदललेले नाहीत.

२) रांगांचे गणित एकत्रीकरण सुचवते, तर सुरक्षिततेचा अनुभव विभागणी सुचवतो. ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने वापरणाऱ्यासाठी एकत्रीकरण आणि बिघाडासाठी विभागणी असा समन्वय साधला.

३) क्यू मॅनेजरची संख्या यंत्राच्या क्षमतेवरून नव्हे, तर जबाबदारीच्या सीमांवरून ठरवावी. जेवढे खरे मालक आणि जेवढ्या खऱ्या थांबण्याच्या वेळा, तेवढेच क्यू मॅनेजर.

४) एका सर्व्हरवरील विभागणी यंत्राच्या बिघाडापासून वाचवत नाही. ज्या सेवेवर लहान गावांचे व्यवहार अवलंबून आहेत तिच्यासाठी दुसऱ्या यंत्राचा, शक्य असल्यास दुसऱ्या शहरातील यंत्राचा, आधार अनिवार्य मानला पाहिजे.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. परंतु तारेने शिकवलेला धडा बंद झालेला नाही. एका तारेवर किती स्थानके जोडायची, हे ठरवणाऱ्याला ती तार तुटल्यावर कोणकोणती गावे मुकी होतील याची यादी आधी करता आली पाहिजे. आज सर्व्हरसमोर बसलेल्या तज्ज्ञाकडूनही समाजाची अपेक्षा हीच आहे.